शेवंतीची हिरवी शी: दाण्यावर वाढलेल्या दोन बजी पोपटांना भाजी खायला शिकवण्याची नोंद

काकूंचा फोन सकाळी पावणेसातला आला. "अरे, खाल्ली! शेवंतीने कोथिंबीर खाल्ली. हिरवीगार शी केलीय बघ. वर येतोस का?"

चहा तसाच ठेवून दोन मजले चढलो. पिंजऱ्याच्या तळाशी वर्तमानपत्र अंथरलेलं होतं, काल सकाळीच बदललेलं. त्यावर शेवंतीच्या दांडीखाली जेमतेम दहा-बारा शिटा. बारीक, चिकट, गडद हिरव्या, काळ्याकडे झुकणाऱ्या. धडधाकट बजी दिवसा दर पंधरा-वीस मिनिटांनी शिटतो, म्हणजे हा कागद एव्हाना ठिपक्यांनी भरायला हवा होता. शेवंती स्वतः पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसलेली. जाळीला कपड्यांच्या चिमट्याने कोथिंबिरीची जुडी लावलेली होती. ती मान टाकून लोंबत होती खरी, पण एकाही पानाला चोच लागलेली नव्हती.

"काकू, दाणे कुठायत?"

"काढून ठेवलेत कालपासून. डॉक्टरच म्हणाले ना, दाणे बंद, भाजी सुरू. म्हटलं पोटात कावळे ओरडले की खातील झक मारत."

तो हिरवा रंग कोथिंबिरीचा नव्हता, पित्ताचा होता. पोटात काही नसलं की आतड्यातून नुसतं पित्त उतरतं आणि शिट अशी गडद हिरवी, थोडी नि चिकट होते. काकूंनी ज्याला विजय समजलं होतं, ती उपासमारीची खूण होती. मी वाटीत मूठभर राळे ओतले. अर्ध्या मिनिटात शेवंती खाली उतरली आणि पुढची दहा मिनिटं तिने मान वर केली नाही. फोलपटं नुसती उडत होती.

नंतर वजन केलं. ४३ ग्रॅम. दोनच दिवसांपूर्वी दवाखान्यात ४६ भरलं होतं. तीन ग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाही, पण साठ किलोच्या माणसाचे एका दिवसात चार किलो गेल्यासारखं आहे ते. त्यातला काही भाग रिकाम्या पोटाचा असतो हे मान्य, तरी त्या दिवशी मी काकूंवर जरा आवाज चढवला. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, वयाने माझ्या आईएवढ्या. ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "ओरडून झालं असेल तर आता नीट शिकव." हे प्रकरण तिथून सुरू होतं. ऑगस्ट २०२४, नाशिकरोड.

पक्षी आणि त्यांचा इतिहास

दोन बजी. म्हणजे लोक ज्यांना सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात ते. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले आणि अंगाने आडवे. बजी ऑस्ट्रेलियातले, शेपटी लांब, पाठीवर लाटांसारखे काळे पट्टे. दुकानदारापासून शेजाऱ्यापर्यंत सगळेच लव्हबर्ड म्हणतात आणि आता ते बदलायचं नाही, पण डॉक्टरांशी बोलताना तरी बजी म्हणावं. शेवंती पिवळी मादी, नाकपुड्यांभोवतीचा भाग तपकिरी. निळोबा निळा नर, नाकही निळं. वय तीन वर्षं, दोघं एकाच दुकानातून एकाच दिवशी आणलेले.

तीन वर्षं खाणं एकच: राळे, ज्याला दुकानात कांग म्हणतात, आणि त्यात सढळ हाताने सूर्यफूल. शिवाय काका सकाळी मारी बिस्किटाचा चुरा देत, संध्याकाळी कधी फरसाणातली शेव. (काकांनी हे तीन आठवड्यांनी कबूल केलं.)

डॉक्टरांकडे नेलं ते भाजीसाठी नव्हे. शेवंतीची चोच वाढून आत वळायला लागली होती आणि चोचीवर तपकिरी-जांभळट डाग दिसत होते, मार लागल्यासारखे. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी छाती चाचपली. बजीच्या छातीचं मधलं हाड बोटाला होडीच्या कण्यासारखं लागायला हवं, हिचं चरबीत बुडालेलं होतं. यकृतावर चरबी चढल्याचा संशय, असं त्यांनी सांगितलं, चोच कापून दिली, सूर्यफूल बंद करायला सांगितलं, दाणे कमी करत भाजीपाला वाढवायला सांगितला. 'करत' हा शब्द घरी येईपर्यंत गळून पडला. चरबी चढलेल्या यकृताच्या पक्ष्याला उपाशी ठेवणं सगळ्यात वाईट, कारण उपासात अंगातली आणखी चरबी सुटून यकृतावरच येते.

निळोबाचं वजन ३६ ग्रॅम, तब्येत बरी, फक्त शिंका जास्त. सुक्या दाण्यात जीवनसत्त्व अ जवळपास नसतंच. ते कमी पडलं की नाकातोंडाच्या आतलं ओलसर अस्तर खरबरीत, जाड होत जातं आणि पक्षी शिंकायला लागतो. शिंकांची कारणं इतरही असतात, पिंजरा गॅसच्या ओट्याजवळ होता हेही एक असू शकतं. तो त्याच दिवशी हॉलमध्ये हलवला. नॉनस्टिक तवा तापून जळला तर त्याची वाफ पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकते, तेव्हा ते कधी ना कधी करायचंच होतं.

हजेरीपत्रक

काकूंकडे शाळेचं एक कोरं हजेरीपत्रक उरलेलं होतं, लांबट, निळ्या कापडी पुठ्ठ्याचं. त्यात त्यांनी डावीकडे विद्यार्थ्यांच्या नावांच्या जागी भाज्या लिहिल्या: कोथिंबीर, मेथी, गाजर, लाल भोपळा, ढोबळी मिरची, शेवग्याचा पाला, मटार. वर तारखा. पक्ष्याने चोच लावली तर 'ह', नाही तर 'गै'. शेवंतीचं पान वेगळं, निळोबाचं वेगळं. सर्वांत खाली सकाळचं वजन.

वजनाचा काटा सोनाराचा, छोटा, एक दशांश ग्रॅम दाखवणारा. त्यावर मिठाईचा प्लास्टिकचा डबा, काटा शून्यावर आणायचा, डब्यात राळ्याचं कणीस ठेवायचं. पक्षी कणसासाठी आपण होऊन चढतो. पकडून, घाबरवून वजन करायची गरज नाही. वेळ सकाळची, पहिली मोठी शिट झाल्यावर, खाण्याआधी. मी एकच रेघ आखून दिली: शेवंती ४१.५च्या खाली काही दिवसांत घसरली, म्हणजे आधीच्या वजनाचा दहावा हिस्सा झपाट्याने गेला, तर सगळे प्रयोग थांबवायचे आणि डॉक्टर गाठायचे. महिनोन्‌महिने हळू उतरलं तर ते हवंच आहे.

दाणे रोज प्रत्येकी दीड चहाचा चमचा. त्यात एक फसगत असते. बजी दाणा सोलून फोल वाटीतच टाकतो, त्यामुळे वाटी वरून भरलेली दिसते आणि खाली दाणा एकही नसतो. हौशी लोकांकडे पक्षी भरल्या वाटीपुढे उपाशी राहिल्याची गोष्ट मी एकदा नाही, बरेचदा पाहिली आहे. फुंकर मारून बघायचं, एवढंच.

पहिले सहा आठवडे: गैरहजेरी

गाजराचे तुकडे वाटीत ठेवले तर दोघंही पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि वाटी काढेपर्यंत तिथेच, अंग बारीक करून, ताठ उभे. नारिंगी रंगाची अनोळखी वस्तू त्यांच्या घरात आली होती. काकूंना वाटलं चव आवडली नाही. चव घ्यायला चोच तर लागायला हवी ना! बजीच्या जिभेवर चवीच्या कळ्या माणसाच्या मानाने फारच थोड्या. नव्या खाण्याचा निवाडा तो आधी डोळ्यांनी करतो. त्याच्या लेखी अन्न म्हणजे काय, तर बारीक, गोल, कोरडं, सोलता येणारं. पिल्लू असताना आईबापांनी जे भरवलं आणि घरट्याबाहेर आल्यावर बाकीच्यांना जे टिपताना पाहिलं, तेच. बाकी सगळं सामान. आपल्यापुढे कुणी ताटात खडू वाढून ठेवले तर आपण चव न आवडल्यामुळे मागे सरत नाही.

याच एका गोष्टीवर मी काकूंशी सगळ्यात जास्त वाद घातला. 'नखरे', 'लाडावलेत', 'भुकेला कोंडा' हे शब्द डोक्यातून काढा, म्हटलं. हे पक्षी भाजी नाकारत नाहीत, ती खायची असते हेच त्यांना कुणी दाखवलेलं नाही. नाकारणाऱ्याला भुकेने वाकवता येतं असं आपल्याला वाटतं. ज्याला माहीतच नाही तो अन्नापुढे बसून मरतो.

मग किसलेलं गाजर दाण्यात कालवलं. हे मीच सुचवलं होतं आणि चुकलो. ऑगस्टची हवा, गाजराचं पाणी, दुपारपर्यंत दाण्याला आंबूस वास. सगळं फेकलं. पावसाळ्यात ओलं काही दोन तासांवर पिंजऱ्यात ठेवू नये हे इतक्या वर्षांत मला पाठ असायला हवं होतं.

ओली कोथिंबीर थोडी पुढे गेली, वेगळ्याच वाटेने. जुडी धुऊन, पाणी न झटकता पिंजऱ्याच्या छतापासून लोंबती ठेवली तर निळोबा तिच्यात घुसून अंघोळ करायला लागला. रानात बजी दवाने ओल्या गवतात अशीच अंगं घासतात. अंघोळ करता करता पान चोचीत येतं, तुकडा पडतो, कधी गिळलाही जातो. अकराव्या दिवशी काकूंनी निळोबाच्या पानावर पहिला 'ह' मांडला, शेजारी कंसात 'बहुधा'. शेवंती वरच्या दांडीवरून बघत होती. मादी बरेचदा जास्त सावध असते, ही तर होतीच.

बघत होती, याला मी किंमत देतो. १९६५ साली डॉसन आणि फॉस या दोघांनी बजींवर एक प्रयोग केला होता: खाण्यावरचं झाकण एका पक्ष्याने चोचीने काढलेलं पाहिलं तर पाहणारा बजी चोचीने काढायचा, पायाने काढलेलं पाहिलं तर पायाने. थव्याचा पक्षी एकमेकांकडूनच शिकतो. म्हणून काकूंना म्हटलं, भाजी निवडायला स्वयंपाकघरात बसू नका, पिंजऱ्यापाशी बसा. मेथीचं एक पान तोंडात टाका, चावताना आवाज करा, 'मम्मम' म्हणा. काकूंनी ते इतकं मनापासून केलं की काका म्हणाले, "ती नको शिकू देत, मला भूक लागायला लागली."

सप्टेंबरअखेर हिशेब असा: निळोबा कोथिंबीर हजर, मेथी अधूनमधून. शेवंती सर्व विषयांत गैरहजर. वजन ४५.४.

घट

३ ऑक्टोबरला घट बसले. काकूंकडे हॉलच्या ईशान्य कोपऱ्यात परडी असते, शेतातली काळी माती, त्यात गहू, जव, ज्वारी, मका, मूग अशी धान्यं, मधे कलश, वर टांगलेली माळ. संध्याकाळी तास-दीड तास पक्षी मोकळे सोडायची पद्धत होतीच. सहाव्या माळेला रोपं चांगली वीतभर झाली होती. मी तिथेच बसलो होतो म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं.

शेवंती पंख्याच्या बंद पात्यावरून उतरली ती थेट परडीच्या काठावर. क्षणभर मान वाकडी. मग रोपांच्या मधे शिरली आणि पानांकडे न बघता मातीतून एक गहू उपटला, अर्धा रुजलेला, खाली पांढरं मूळ, वर हिरवा कोंब. दाणा तिने नेहमीसारखा चोचीत फिरवला. फोल निघालं नाही, कारण ते मऊ झालेलं. मग तिने ते चावलं, कोंबाचा पांढरट देठ तसाच लांबवर चोचीतून ओढत नेला, आणि दुसरा उपटला.

"अगं बाई, देवीचा घट!" काकू उठल्या.

"खाऊ दे गं, प्रसादच तो," काका.

"उत्थापनाच्या आधी कसला प्रसाद?"

मीही उठलो, पण माझं कारण वेगळं होतं. परडीत ज्वारी होती. कोवळ्या ज्वारीच्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. गुरं कोवळ्या ज्वारीत शिरली की शेतकरी जिवाच्या आकांताने हाकलतो ते त्याचमुळे. तयार दाण्यात ते नसतं, म्हणून भाकरी निर्धोक. तिला हुसकावलं. ती परत आली. पुन्हा हुसकावलं, पुन्हा आली. जिला सहा आठवडे आम्ही हिरवं काही शिवायला लावू शकलो नव्हतो, ती हिरव्या कोंबासाठी आमच्याशी भांडत होती. शेवटी पक्षी पिंजऱ्यात गेले आणि परडीवर दसऱ्यापर्यंत पुरणाची चाळण उपडी राहिली.

त्या रात्री मला झोप लागली नाही हे थोडं जास्त होईल, पण चुटपुट लागली. अठरा वर्षं बजी पाळतो आहे आणि ओळखीच्या दाण्यापासून हिरव्यापर्यंत न्यायची वाट दाण्यातूनच जाते हे मला सरळ सुचलं नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात हे पक्षी पावसामागे भटकतात. पाऊस पडतो, गवत उगवतं, दाणा आधी दुधाळ असतो, मग पिकतो, मग सुकतो, आणि ते यातल्या प्रत्येक अवस्थेतला खातात. १८४० मध्ये जॉन गोल्डने जिवंत बजी इंग्लंडात नेले, तेव्हापासून पिंजऱ्यात वाढलेल्या पिढ्यांच्या वाट्याला बहुतेक शेवटची, सुकलेली अवस्थाच आली. शेवंतीने परडीत त्याच दाण्याची आधीची अवस्था ओळखली होती.

त्यांचेच राळे, पण रुजवलेले

आधी काकूंनी त्यांच्या पोत्यातले शंभर राळे मोजून ओल्या फडक्यात बांधले. चार दिवसांत ३८ रुजले. म्हणजे तीन वर्षं जो माल आणत होत्या त्यातला निम्म्याहून जास्त मेलेला होता. दाणा ताजा की जुना हे ओळखायला याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही. दुसऱ्या दुकानातून राळे आणले, ते शंभरात ८४ निघाले.

मग पद्धत बसली. राळे रात्री भिजत, सकाळी चाळणीत धुऊन, फडक्यात, दिवसातून तीनदा धुणं. दीड दिवसात टोकाला पांढरा ठिपका दिसतो. त्या दिवशीचे थोडे पक्ष्यांना. उरलेले दह्याच्या मातीच्या मडक्यात, ओल्या नारळाच्या भुशावर पसरून खिडकीत. खताची माती नको. बुरशीचा नुसता वास जरी आला तरी सगळं टाकायचं, धुऊन वाचवायच्या भानगडीत पडायचं नाही. आठवड्यात मडक्यात बोटभर गवत उभं राहतं.

मोडाच्या राळ्याला शेवंतीने दुसऱ्याच दिवशी चोच लावली. मडकं पिंजऱ्याच्या तळाशी ठेवलं तर दोघंही त्यात उभे. आधी तळाचे न रुजलेले दाणे, मग देठ, पाचव्या दिवशी पान. काकूंनी त्या दिवशी 'ह' लाल शाईने काढला.

पुढची पायरी काकूंची, माझी नाही. त्यांनी मडक्यातल्या गवतात कोथिंबिरीच्या चार काड्या खोचल्या, उगवल्यासारख्या. मग मेथीच्या. मग शेवग्याची एक डहाळी. पक्षी गवत खाता खाता शेजारचं पान ओढणार, हा हिशेब. तो लागू पडला. अडीच महिने ज्या कोथिंबिरीवर अबोला होता ती १ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, शेवंतीने अर्धी काडी संपवली.

ताटली

इथून पुढचं भराभर झालं, म्हणून भराभरच सांगतो. बजी जमिनीवर चरणारा पक्षी आहे. खोल वाटीपेक्षा पसरट ताटली त्याला पटते. सकाळी सात ते नऊ स्टीलची ताटली पिंजऱ्याच्या तळाशी. तीत भाजी अगदी बारीक चिरलेली, दाण्याएवढी, पण पाणी न सुटलेली, आणि तिच्यावर मोडाचे राळे पेरलेले. सुक्या दाण्यांची वाटी नऊला. रात्रभराच्या उपासानंतर पक्षी तसाही सकाळी भुकेला असतो, त्या दोन तासांपुरतीच भूक आपल्या बाजूने वापरायची. दोन तास आणि एक आख्खा दिवस यात काय फरक असतो ते काकूंना आता सांगावं लागत नव्हतं.

मिरचीवर काकांचा हट्ट. "पोपटाला मिरची देतात, मग यांना का नाही?" मी म्हटलं द्या. मिरचीचा जाळ ज्या चेताग्रांना जाणवतो ती पक्ष्यांत त्या द्रव्याला दाद देत नाहीत, त्यामुळे तिखट त्यांना लागतच नाही. काकांनी ढोबळी मिरची उभी चिरून बियांसकट अडकवली. चपट्या, पिवळसर बिया म्हणजे पुन्हा दाणाच की! शेवंतीने आधी सगळ्या बिया सोलल्या, मग बियांभोवतीचा पांढरा गर, मग लाल भिंत. काका पुढचे चार दिवस जिन्यात भेटेल त्याला हे सांगत होते.

डिसेंबरात हुरडा आला. ज्वारीचं कोवळं कणीस, दाणे दुधाळ, हिरवट. पानं आणि कोंब पूर्ण काढून फक्त कणीस, न भाजलेलं, मिठाशिवाय. एवढा दंगा त्यांनी राळ्याच्या कणसासाठीही कधी केला नव्हता. ओला मटार, कोवळं मक्याचं कणीस, तांदुळजा, लाल माठाची चिमूट, हे सगळं त्याच महिन्यात हजेरीपत्रकावर आलं. पालक आठवड्यातून एखाददा, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं म्हणून. कोबीही क्वचित. कॅल्शियमसाठी समुद्रफेस, म्हणजे माकुळाच्या जातीतल्या प्राण्याच्या पाठीतलं हाडासारखं पांढरं कवच, जाळीला बांधलेलं. कांदा, लसूण, ॲव्होकॅडो, चहा, चॉकलेट यांना घरात जागा आहे, पिंजऱ्यात नाही. नाशिकला राहून द्राक्षांचा मोह होतो. मी बागांमधल्या फवारण्या पाहिल्या आहेत, त्यामुळे माझं मत नाही असं आहे. काकू मिठाच्या पाण्यात भिजवून, धुऊन एखादं देतात. असो.

दोन खोटे इशारे झाले. भाजी वाढली तशी शिटेभोवती पाण्याचं वर्तुळ दिसायला लागलं. काकू म्हणाल्या, जुलाब. बजीच्या शिटेत तीन भाग असतात: हिरवट-तपकिरी वळण, पांढरं मूत्रद्रव्य आणि पाणी. वळण घट्ट असेल आणि नुसतं पाणी वाढलं असेल तर ते भाजीचं पाणी. वळणच पातळ झालं तर मात्र डॉक्टर. दुसरा इशारा रात्री साडेनऊला फोनवर: "अरे, रक्त पडतंय." मी विचारलं, आज ताटलीत काय होतं? बराच वेळ शांतता. "बीट."

फेब्रुवारी २०२५ची स्थिती

शेवंती ४१.२ ग्रॅम, सहा महिन्यांत सावकाश उतरलेली. आधी आखलेल्या रेघेच्या ती खाली आहे, पण रेघ घाईच्या घसरणीसाठी होती. छातीचं हाड आता बोटाला लागतं. चोच मधल्या काळात आणखी एकदा कापावी लागली. मुळाशी नवीन येणारा भाग स्वच्छ आहे. जुना डाग टोकाकडे सरकत सरकत घासून जायच्या बेतात आहे. यकृत पूर्ण सुधारलं असं डॉक्टर म्हणालेले नाहीत, तीन महिन्यांनी दाखवायला सांगितलंय. ती आता पंख्यापर्यंत एका दमात उडते. आधी सोफ्याच्या पाठीवर थांबा घ्यायची. निळोबा ३५ ग्रॅम, शिंका क्वचित. भाजीमुळे थांबल्या, जागा बदलल्यामुळे की काकांच्या फरसाणाला आळा बसल्यामुळे, हे सांगता येणार नाही. तिन्ही आगेमागेच झालं, त्यामुळे कुठल्याही एकाला श्रेय देणं लबाडी होईल.

पोटातला अर्ध्याहून जास्त भाग अजून दाण्याचाच आहे, साधारण साठ टक्के असेल. लाल भोपळा दोघांनाही नको. कच्चा नको, वाफवलेला नको. निळोबाच्या पानावर नऊ भाज्यांना नियमित 'ह', शेवंतीच्या पानावर पाच.

परवा गेलो तेव्हा काकू शिधापेटीजवळ पाट घेऊन गाजर किसत होत्या. हजेरीपत्रक उघडंच होतं. शेवंतीच्या पानावर गाजराच्या ओळीत ऑगस्टपासून सलग 'गै', आणि आदल्या दिवशीच्या, १६ फेब्रुवारीच्या चौकटीत, पेन्सिलीने, खोडता येईल असा एक 'ह?'.

"उचललं तिने. तोंडात धरलं," काकू म्हणाल्या. "मग निळोबाच्या डोक्यावर टाकलं."

"मग ह कसा मांडला?"

"वर्गात तर आली ना," त्या म्हणाल्या आणि किसणी पुढे ओढली.